मास्तरांची रिकामी सम

आमच्या शेजारच्या मास्तरांचा डावा हात कधी समेवर पडला नाही. सगळं रंगवत रंगवत तिथपर्यंत आणायचे, आता पडणार, आता पडणार असं वाटायला लावायचे आणि ऐन वेळी कणभर आधीच हात टेकवून पहिली मात्रा तशीच रिकामी सोडून पुढे निघून जायचे. ज्यांनी तबल्याच्या चार शिकवण्या केल्या असतील त्यांनाच कळेल, हा काय छळ असतो. मी नाशिकला लहानपणापासून लग्न होईपर्यंत तबला शिकले. आमच्या सरांनी एकच गोष्ट डोक्यात भरवली होती, की बाई, बाकी काहीही चुको, सम चुकवायची नाही. आणि लग्नानंतर आयर्लंडमध्ये ड्रोहेडाला आल्यावर माझ्या नशिबी घर आलं ते जोडघर. मधली भिंत एकच, आणि त्या भिंतीला टेकून पलीकडे मास्तरांचा पियानो.

मंदार हॉस्पिटलात डॉक्टर, तो दिवसभर बाहेर. मी घरी बसून सॉफ्टवेअर तपासायची, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचे पैसे घ्यायची. अशा बाईच्या कानाला दुपारभर भिंतीतून तो डावा हात. सुरुवातीला मी दात-ओठ खाऊन सहन केलं. एकदा पोळ्या लाटत होते, तेव्हा राहवलं नाही. ती रिकामी जागा आली आणि मी लाटणं भिंतीवर हाणलं. बरोबर समेवर. पुढच्या आवर्तनाला पुन्हा. तिसऱ्या ठोक्याला पियानो बंद पडला आणि दोन मिनिटांत आमची बेल वाजली.

दारात एक उंच, सावळा, पांढऱ्या केसांचा म्हातारा. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात घरातल्या सपाता. मला वाटलं, आता आवाजाची तक्रार उलट माझ्याच गळ्यात येणार. पण तक्रार आवाजाची नव्हतीच. "एकावर कोण मारतंय?" त्यांनी विचारलं. मी लाटण्यासकट उभी होते, नाकारणार कशी? ते लाटण्याकडे बघत म्हणाले, "तिथे तुझं काय राहिलंय, की सारखी आणायला जातेस?" उत्तराची वाट न पाहता गेलेसुद्धा. मी दार लावलं तेव्हा तव्यावरची पोळी जळाली होती.

गावात त्यांना सगळे माएस्त्रो म्हणत, आमच्या घरात त्यांचे मास्तर झाले. मला ते वेसिना म्हणत. त्यांच्या भाषेत शेजारीण. तरुणपणी एका बँडबरोबर क्यूबातून डब्लिनला वाजवायला आले, नोरा नावाच्या इथल्या नर्सच्या प्रेमात पडले आणि इथेच राहिले. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा नोरा जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगी ओर्ला लांब लेटरकेनी गावी शाळेत शिकवायची. वडील तिच्याशी स्पॅनिशमध्ये बोलत, ती उत्तरं अस्सल आयरिश इंग्रजीत देई. मला त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. "वेद, जेवायला ये" म्हटलं की माझा मुलगा जिन्यावरून ओरडतो, "आयम ग्रँड, आई." म्हणजे इथल्या बोलीत, माझं छान चाललंय, नको.

त्यांच्या घरात शिरलं की आधी रॉकेलचा वास यायचा. पियानोच्या चारही पायांखाली चार बशा आणि त्यांत रॉकेल. क्यूबात वाळवी पियानो आतून खाऊन टाकते म्हणे. त्यांच्या वडिलांच्या पियानोच्या कितीतरी पट्ट्या तिने मुक्या केल्या होत्या आणि त्यांना चुकवत चुकवतच हे शिकले. माझी आई मुंग्यांसाठी फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची, म्हणून मला ते अगदी घरचं वाटलं. पण मी म्हटलं, मास्तर, आयर्लंडमध्ये वाळवी नाही. त्यांनी बशीकडे बोट दाखवलं. "म्हणूनच नाही."

स्वभावाने गरीब बिरीब अजिबात नव्हते. भांडखोर, घमेंडी, आणि दुसऱ्याचं वाजवणं ऐकताना तोंड असं करायचे की वाजवणाऱ्याने सरळ उठून घरी जावं. पबमध्ये कुणी पियानोला हात लावला तर "युअर मॅन तिकडे भांडी घासतोय" असं मोठ्याने म्हणायचे. युअर मॅन म्हणजे इथल्या बोलीत 'तो गडी'. शेजारधर्म म्हणून मी कधी पुरणपोळी नेऊन दिली तर खाऊन झाल्यावर सांगायचे की त्यांच्या आजीचं अमुक पक्वान्न याहून चांगलं होतं. तरी मी जात राहिले, कारण सम रिकामी सोडून माणूस जगतो कसा, हे मला कळून घ्यायचं होतं. आमच्याकडेही तालात 'खाली' म्हणजे रिकामी मात्रा असते, मी वाद घालायची, पण ती मधे. समच रिकामी सोडायची म्हणजे पंगत वाढून यजमानाने पाहुण्यांनाच दारात उभं ठेवायचं.

यावर त्यांनी मला जे सांगितलं ते मी विसरलेले नाही. पियानोवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "हा उजवा जहाजाच्या वरच्या मजल्यावरून आला, मॅडम लोकांच्या नाचांबरोबर. डावा खालून आला, तळातून, साखळदंडात. तळातल्या माणसाला सगळ्यांना दिसेल अशा जागी पाऊल टाकता येत नव्हतं." संगीतशाळेत दिवसा त्यांना युरोपातल्या मोठ्या लोकांचं वाजवावं लागे, हे असलं वाजवलं तर बाहेर काढत. संध्याकाळी घरी वडील डावा हात शिकवत. वडील मातान्सास गावातल्या एका नाचघरात वाजवायचे आणि आजोबाही तिथलेच. त्या दोघांकडून आलेली एक लांबलचक चीज होती. कुठे लिहिलेली नव्हती, फक्त यांच्या हातात होती.

ती चीज म्हणजे एक दान्सोन, जोड्यांनी नाचायचा जुना प्रकार. त्याची गंमत अशी की सुरुवातीचं ध्रुवपद वाजत असताना कुणी नाचत नाही. सगळे जागच्या जागी उभे राहतात, पंख्याने वारा घेतात, एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करतात. ते संपलं की नाच, आणि ते परत आलं की परत उभं राहायचं. मास्तरांच्या घरात हा कायदाच होता. नोरा पिठल्यासारखं काहीतरी ढवळत असली तरी ध्रुवपद आलं की डाव हातात धरून तशीच उभी राही म्हणे. मीसुद्धा एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात चहाचा कप तोंडाशी नेता नेता तशीच थांबले होते. ते बघून मास्तर पहिल्यांदा माझ्यावर खूश झाले.

त्यांच्या हाताचं मंदारच्या लक्षात आलं. कचऱ्याचे डबे बाहेर काढायच्या दिवशी दोघं समोरासमोर आले, तेव्हा डब्याची मूठ धरायला मास्तरांचा डावा पंजा नीट उघडेना. मंदारने त्यांना आमच्याकडे बोलावलं आणि हात टेबलावर पालथा ठेवायला सांगितलं. उजवा सपाट बसला. डाव्याची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं, खालून पलीकडचा उजेड दिसत होता. तळव्यात गाठ धरून आतली शीर आखडत चालली होती. हा आजार इथल्या लोकांत फार, मंदार म्हणाला. मास्तर हसले. "बायको इथली केली, पासपोर्ट इथला घेतला, आता आजारही इथलाच." पण हात त्यांनी पटकन खिशात घातला, आणि जाताना आमच्या चहाला नेहमीसारखी नावं ठेवायला विसरले.

त्यानंतर भिंतीतून येणाऱ्या वाजण्यात मला फरक ऐकू यायला लागला. डावा हात कुठे कुठे सूर गाळत होता. आधी मीच स्वतःला समजावलं की माझ्या कानाचा भास. मग रोज कामाच्या मीटिंगमध्ये बसल्याबसल्या मी भिंतीकडे कान लावायची आणि आज काय काय गळलं ते मोजायची. सर्जनने सांगितलं होतं, ऑपरेशन केलं तर बोटं सरळ होतील, पण त्याच गाठीतून नस जाते. तिला धक्का लागला तर बोटं सरळ होऊन मुकी राहतील. नाही केलं तर वर्षा-दोन वर्षांत तळव्यात मिटतील. ते कधी हो म्हणायचे, कधी नाही. शेवटी हो म्हणाले, तोवर ऑपरेशनच्या प्रतीक्षायादीतलं कुणीतरी गळालं आणि तारीख एकदम अंगावर आली.

मी म्हटलं, मास्तर, फोनवर रेकॉर्ड तरी करून ठेवू. मी फोन पुढे धरलासुद्धा. ते चिडले. "ओर्लाच्या हातात गेलं नाही तर फोनमध्ये राहून काय करायचं? बाटलीतल्या पाण्यात कुणी पोहतं?" मग सांगा की ओर्लाला, मी म्हटलं. त्यावर उठले. आत जाऊन बशांत रॉकेल ओतत बसले.

काय झालं होतं ते मला ओर्लानेच पूर्वी एकदा, सुट्टीत आली असताना, कपडे वाळत घालताना कुंपणावरून सांगितलं होतं. ती चौदा वर्षांची असताना शाळेच्या स्पर्धेत तिने हाच दान्सोन वाजवायला घेतला. शेवटच्या भागात घाबरून तिचा डावा हात समेवर पडला. भरल्या सभागृहात मागच्या रांगेतून वडिलांचा आवाज आला, "नाही." एवढाच शब्द. तिने पियानो बंद केला, उठली, आणि त्यानंतर बापाच्या पियानोसमोर कधी बसली नाही. हे सांगताना ती हसत होती, पण चिमटा तिने दोरीवर इतका जोरात दाबला की तो मोडला. मास्तर या गोष्टीबद्दल कधी बोलले नाहीत. चुकलो असं म्हणणाऱ्यांतले ते नव्हतेच.

तारीख सोमवारची ठरली. ओर्ला त्यांना हॉस्पिटलात न्यायला आदल्या दिवशी येणार होती. मास्तरांनी मनाशी ठरवलं होतं की रविवारी दुपारी तिच्यासमोर सगळी चीज वाजवायची. घेतली तर घेतली. पण डावा हात भरवशाचा राहिला नव्हता. ताल दुसऱ्या कुणी धरला तरच ते मधले सूर गाळून निभावून नेऊ शकत होते. त्यासाठी त्यांनी निवडलं कुणाला, तर मला. दोन लाकडी दांडके हातात दिले. त्यांना आणि त्यांच्या ठेक्याला क्लावे म्हणतात. पाच ठोके: आधी दोन, मग तीन. आणि जिथून आवर्तन सुरू होतं, तिथे काहीच नाही.

आमची तालीम म्हणजे रोजचं भांडण होतं. दोन आवर्तनं मी कसंबसं धरायची, तिसऱ्याला हात आपोआप समेवर जायचा. मास्तर पियानोच्या झाकणावर थापट मारायचे. मी म्हणायची, माझ्या सरांनी माझं बालपण घालवलं हे बसवण्यात, ते तुम्ही आठवड्यात काढणार? ते म्हणायचे, "काढू नकोस. फक्त तिथे जाऊ नकोस." मी भाजी चिरताना, दात घासताना तेच करायची. मंदारने एकदा विचारलं, "अगं, तुला झोपेत काय होतंय? माझ्या पाठीवर मारतेस." शुक्रवारी पूर्ण शेवटचा भाग एकदाही न चुकता झाला. मास्तरांनी आपण होऊन पुरणपोळी मागितली.

रविवारी मी गेले तेव्हा जेवणं झाली होती. ओर्लाला माझ्या हातातले दांडके दिसले आणि तिला सगळं कळलं. दूध संपलंय, मी दुकानात जाऊन येते, म्हणत तिने कोट चढवला. मास्तरांनी तिला थांब म्हटलं नाही. पाठ फिरवून पियानोवर बसले आणि ध्रुवपद सुरू केलं. ओर्लाचा हात दाराच्या कडीवर होता. तो तिथेच राहिला. त्या घरात वाढलेल्या मुलीला ध्रुवपद चालू असताना दार उघडून निघून जाता येत नव्हतं. ती दाराकडे तोंड करून, कोट घालून उभी होती, आणि मास्तरांनी, लबाडाने, ध्रुवपद दोनदा जास्त फिरवलं.

मग नाच सुरू झाला. ती गेली नाही. मी ठोके धरले होते, जीव मुठीत होता. मास्तरांचा डावा हात दोन बोटं आत मिटून तीन बोटांवर धावत होता, कपाळावर घाम. मधला भाग गेला. ध्रुवपद परत आलं, गेलं. शेवटचा भाग आला आणि त्यांनी उजव्या हाताने असं काही सुंदर आणून सोडलं, की माझ्या तोंडून वा निघालं आणि दोन्ही दांडके खणकन एकत्र आले. समेवर.

"नाही," मास्तर म्हणाले.

तोच आवाज असणार. कारण ओर्ला गर्रकन वळली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मास्तरांचे हात पट्ट्यांवरच होते, पण वाजत नव्हते. मला वाटलं, संपलं. वीस वर्षांपूर्वी मोडलेलं मी आज कायमचं मोडलं. ओर्ला चालत आली आणि तिने माझ्या हातातून दांडके घेतले.

"शी वॉज ग्रँड, डॅड," ती म्हणाली. "तिला असं बोलायचं नाही. कुणालाच असं बोलायचं नाही."

आणि रागाने, बापाच्या तोंडासमोर धरून, तिने ते पाच ठोके मारायला सुरुवात केली. एक केससुद्धा इकडचा तिकडे नाही. कित्येक वर्षांत हात न लावलेल्या त्या मुलीच्या अंगात ते जसंच्या तसं बसलेलं होतं. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पेर्दोन." माफ कर. एवढं स्पॅनिश मलाही येत होतं. त्यांनी वाजवायला घेतलं. दोन आवर्तनांनी त्यांची करंगळी अडकली, डावा हात थांबला. ओर्लाने दांडके माझ्या मांडीवर टाकले, कोटासकट बाकावर बसली, बापाला ढकलून सरकवलं आणि त्यांच्या डाव्या हाताच्या जागी आपला ठेवला. मी उठून बाहेर आले. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसले आणि मनसोक्त रडले.

ऑपरेशननंतर बोटं सरळ झाली. करंगळीतली जाणीव मात्र परत आली नाही. पण ओर्ला दर शनिवारी लेटरकेनीहून एवढं अंतर गाडी हाकत यायची, आणि भिंतीतून एका बाकावरच्या दोन माणसांचा एक पियानो ऐकू यायचा. मधेच पियानो थांबून भांडणं ऐकू यायची, दोन्ही भाषांत. "नाही" हा शब्द मी पुन्हा ऐकला नाही. पुढच्या हिवाळ्यापर्यंत सगळी चीज तिच्याकडे गेली होती.

मग तिने त्यांना आपल्याकडेच न्यायचं ठरवलं. पियानो न्यायला माणसं आली तेव्हा मास्तरांनी बशा एकेक करून अंगणात रिकाम्या केल्या आणि धुऊन कागदात गुंडाळल्या. मी म्हटलं, लेटरकेनीला तरी आता वाळवी शोधू नका. ते म्हणाले, न्यायच्या असतात. गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली. मला वाटलं, काहीतरी टोमणा असणार. "वेसिना," ते म्हणाले, "तू आपली एकावर पडत राहा. मी आयुष्यभर ती जागा सोडत आलो. कुणीतरी तिथे असायला पाहिजे." मी मान हलवली. 

गेल्या हिवाळ्यात ते गेले. नोराशेजारी जागा ठेवली होती, म्हणून त्यांना ड्रोहेडाला आणलं. चर्च गच्च भरलं होतं. लोक रांगेने ओर्लाचा हात हातात घेऊन "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणत होते. इथे सगळे तेच म्हणतात. मीही तेच म्हटलं, आणि मग तिला मिठी मारली.

प्रार्थना संपल्यावर ती कडेच्या पियानोवर जाऊन बसली. ध्रुवपद सुरू झालं. निघायला उठलेली माणसं का कोण जाणे, होती तिथे उभी राहिली. मी मंदारशेजारी बसून दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. आज काही चुकायचं नव्हतं. शेवटचा भाग आला, तिच्या उजव्या हाताने ते सुंदर आणून सोडलं, डावा कणभर आधी टेकला, आणि माझा पाय उचलला जाऊन खालच्या लाकडी फळीवर दणकन पडला. समेवर. चर्चभर आवाज घुमला. पुढच्या रांगेतल्या बायका वळल्या. मंदारने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

ओर्लाने मान वर केली आणि मला शोधलं. हात थांबवले नाहीत. पुढच्या आवर्तनाला माझ्याकडे बघत बघत तिने पहिली मात्रा तशीच मोकळी सोडली, आणि मी तिथे पाऊल टाकलं.